क्वार्टरबॅक मोठा की संघ? अमेरिकन फुटबॉलमधलं न मिटणारं भांडण

४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस. सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना चालू आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, टॉम ब्रेडी पासवर ५०५ यार्ड मिळवतो. सुपर बोलमध्ये तोवर कोणी एवढे मिळवलेले नव्हते. तीन टचडाउन पास, आणि त्याचा एकही पास विरोधकांना झेलता आलेला नाही. तरी पेट्रियट्स ४१-३३ असे हरतात. समोर फिलाडेल्फिया ईगल्सकडून खेळत होता निक फोल्स, मुळात राखीव क्वार्टरबॅक. मुख्य खेळाडू डिसेंबरात जायबंदी झाला, म्हणून त्याच्या वाट्याला हा सामना आला होता.

बरोबर एका वर्षाने अटलांटात तोच ब्रेडी, तोच संघ, समोर लॉस एंजेलिस रॅम्स. या वेळी एकही टचडाउन पास नाही, उलट एक पास विरोधकांनी पकडला. पेट्रियट्स १३-३ असे जिंकतात आणि ब्रेडीला विजेत्याची सहावी अंगठी मिळते.

ब्रेडी कोणत्या वर्षी जास्त चांगला खेळला?

सप्टेंबर ते फेब्रुवारी, दर सोमवारी अमेरिकेतल्या ऑफिसांत हाच वाद नवी नावं घेऊन उभा राहतो. तिथे नोकरीला गेलेल्या मराठी माणसाच्या डोक्यावरून तो सुरुवातीला साफ जातो. पोरं मात्र शाळेतूनच संघ ठरवून घरी येतात. एडिसनसारख्या गावात तर पंचाईतच: न्यू जर्सीचा उत्तर भाग जायंट्सचा, दक्षिण भाग ईगल्सचा, आणि मधल्या पट्ट्यात एकाच जेवणाच्या टेबलावर दोन्ही पक्ष. भारतात सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो आणि दुपारपर्यंत भाच्यांचे मेसेज येऊन पडतात की अमका सर्वकालीन श्रेष्ठ आहे आणि तमका फुकटचा मोठा झालाय. हे भांडण समजायला सगळे नियम लागत नाहीत. थोडे लागतात.

## खेळ, लागेल तेवढाच

शंभर यार्डांचं मैदान, अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की नवे चार डाउन मिळतात, नाही झाले तर चेंडू समोरच्यांना जातो. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचवला की टचडाउन, सहा गुण. लाथेने खांबांमधून मारला तर तीन. फेकलेला चेंडू विरोधकाने झेलला तर ते इंटरसेप्शन.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे वेगवेगळे खेळाडू असतात. एक फळी मैदानात असते तेव्हा त्याच संघाची दुसरी फळी कडेला बसून पाणी पीत असते. म्हणजे क्वार्टरबॅक जवळपास अर्धा सामना बाहेर असतो. त्याच्या संघावर किती गुण चढले, यात त्याचा हात फारसा नसतो. मिनियापोलिसमध्ये ब्रेडीच्या संघाने ३३ गुण करूनही सामना गमावला आणि अटलांटात १३ गुणांवर जिंकला, यात बचावफळीचा वाटा केवढा होता ते उघड आहे.

## मग सगळं क्वार्टरबॅकभोवतीच का फिरतं?

कारण जवळजवळ प्रत्येक डाउनला चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो धावणाऱ्याकडे सोपवायचा, पुढे फेकायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे ठरवणारा तो. पास टाकायचा तर हातात अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात चार-पाच रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलायला पळालेले खेळाडू, कुठे पोचलेत आणि त्यांच्यातला कोण मोकळा आहे हे बघायचं. त्याच वेळी सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. चेंडू हातात असतानाच त्यांनी त्याला पाडलं तर त्याला सॅक म्हणतात.

पण या माणसांना थोपवायला त्याच्यापुढे पाच धिप्पाड खेळाडूंची भिंत असते, आणि त्यांची नावं कोणाला पाठ नसतात. कोणती चाल खेळायची हे बहुतेक वेळा कोच सांगतो. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये त्यासाठी रेडिओच बसवलेला आहे. रिसीव्हरने चेंडू सोडला तरी टीव्हीवर चेहरा दिसतो क्वार्टरबॅकचा.

आजच्या काळातल्या सर्वांत गुणी क्वार्टरबॅकांपैकी एक, कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक माहोम्स, फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रेडीच्या नव्या संघाकडून, टॅम्पा बेकडून, ३१-९ असा हरला. त्या रात्री भिंतीतले त्याचे दोन्ही कडेचे नेहमीचे रखवालदार जायबंदी होऊन बाहेर होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी त्याला सहा वेळा सॅक केलं आणि ४०-२२ ने सामना घेतला. पुढचे कित्येक दिवस प्रश्न विचारले गेले ते माहोम्सबद्दल. भिंतीचा विषय विश्लेषकांपुरताच राहिला.

## अंगठ्या मोजणाऱ्यांचं म्हणणं

सुपर बोल जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला अंगठी मिळते, आणि भांडणातलं पहिलं शस्त्र तेच. ब्रेडीकडे सात, जो मोंटानाकडे चार, डॅन मरिनोकडे एकही नाही. विषय संपला.

नाही संपत. पेटन मॅनिंग बघा. २०१३ च्या हंगामात डेन्व्हर ब्राँकोजकडून त्याने ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्ड केले. एका हंगामात इतके टचडाउन पास तोवर कोणीच दिले नव्हते. अंतिम सामना न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर होता. पहिल्याच डाउनला चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे, ब्राँकोजच्याच टोकाच्या पट्ट्यात गेला आणि सामना सुरू होऊन बारा सेकंद होतात न होतात तोच सिअॅटल सीहॉक्सना दोन गुण मिळाले. निकाल: ४३-८. त्या सामन्यात मॅनिंगचे ३४ पास झेलले गेले, सुपर बोलचा तेव्हाचा विक्रम. हरणाऱ्याचा विक्रम कोण लक्षात ठेवतं!

दोन वर्षांनी, ३९ व्या वर्षी, मॅनिंगचा हात थकलेला. हंगामात ९ टचडाउन पास आणि १७ इंटरसेप्शन. मध्यंतरी त्याला सामन्यातून काढून बाहेर बसवलं गेलं होतं. पण डेन्व्हरची बचावफळी त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कडक होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सांता क्लारात, म्हणजे आपल्या आयटीवाल्यांच्याच गल्लीत, ब्राँकोज २४-१० ने जिंकले. मॅनिंगचे पासचे यार्ड जेमतेम १४१. सामनावीर ठरला बचाव करणारा व्हॉन मिलर.

म्हणजे कारकिर्दीतल्या सर्वांत देखण्या हंगामात अंगठी नाही आणि सर्वांत पडत्या हंगामात मिळाली. हे उदाहरण पाहिल्यावर निव्वळ अंगठ्या मोजून खेळाडूची उंची ठरवणं मला तरी जमत नाही. बाल्टिमोर रेव्हन्सनी तर याचा कळसच केला. २००० च्या हंगामात त्यांनी १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले, क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फरसह सुपर बोल जिंकला आणि पुढच्या हंगामाआधी डिल्फरलाच निरोप दिला. अंगठी त्याने जिंकून दिली असं त्याच्या मालकांनाही वाटत नव्हतं.

## "पण मोठ्या सामन्यात जो खेळतो तोच खरा"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मोंटानाने चार सुपर बोलमध्ये १२२ पास टाकले; ११ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. जानेवारी १९८९ मध्ये सिनसिनाटीविरुद्ध सामना हातातून जात असताना त्याने संघाला ९२ यार्ड पुढे नेलं आणि ३४ सेकंद उरले असताना विजयी टचडाउन दिला. असं पाहिल्यावर माणूस देव मानणारच.

पण त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, बाद फेरीत मिनेसोटाविरुद्ध, याच मोंटानाला कोचने खेळ सुधारेना म्हणून मधेच बाहेर काढलं होतं. तोही मोठाच सामना होता, आणि त्याचा संघ, सॅन फ्रान्सिस्को, तो हरला. दडपणात खेळण्याचं कौशल्य असतं, यात शंका नाही. मात्र आपण जिंकलेले मोठे सामने मोजतो आणि हरलेले मोजायचे विसरतो.

## १५८.३ हा विचित्र आकडा

अंगठीवाल्यांना उत्तर द्यायला आकडेवाले पासर रेटिंग काढतात. लीगने हे १९७३ मध्ये स्वीकारलं. यात टाकलेल्या पासमागे चार गोष्टी बघतात: किती झेलले गेले, किती यार्ड मिळाले, किती टचडाउन झाले, किती इंटरसेप्शन झाले. प्रत्येकाला ठराविक सूत्राने गुण देऊन बेरीज करतात, आणि प्रत्येक घटकाला वरची मर्यादा असल्यामुळे कमाल रेटिंग १५८.३ येतं. शंभरात बसवायचं कोणाच्या डोक्यात का आलं नाही, देव जाणे. अंदाज यावा म्हणून: ३० पैकी २० पास पूर्ण, २५० यार्ड, दोन टचडाउन, एक इंटरसेप्शन म्हणजे १००.७. चांगला दिवस.

या हिशेबाने ब्रेडीचं रेटिंग हरलेल्या सामन्यात ११५.४ आणि जिंकलेल्या सामन्यात ७१.४ येतं. आकडेवाला म्हणेल, बघा, २०१८ चाच ब्रेडी श्रेष्ठ.

थांबा. २०१८ च्या त्या सामन्यात शेवटची दोन-अडीच मिनिटं उरलेली असताना ईगल्सच्या ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला आणि तो ईगल्सना मिळाला. पेट्रियट्स पाचच गुणांनी मागे होते. सामना तिथे फिरला. पासर रेटिंगमध्ये या प्रसंगाची नोंद शून्य. सॅक, हातातून सुटलेला चेंडू, स्वतः पळून काढलेले यार्ड, यातलं काहीच त्यात धरत नाहीत.

दुसरी खोट जास्त बारीक आहे. समजा तिसरा डाउन आहे, बारा यार्ड हवेत आणि क्वार्टरबॅकने आठ यार्डांचा सोपा पास पूर्ण केला. रेटिंग वाढलं. संघाला मात्र आता चौथ्या डाउनला चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना द्यायचाय. तिसऱ्या डाउनला दोनच यार्ड हवे असते तर याच आठ यार्डांनी आक्रमण जिवंत ठेवलं असतं. म्हणून हल्लीचे विश्लेषक "अपेक्षित गुण" पाहतात: मैदानावरच्या या जागेवरून, या डाउनला, एवढे यार्ड हवे असताना संघ सरासरी किती गुण मिळवतात, हे हजारो जुन्या चालींवरून काढायचं आणि नव्या चालीने त्यात किती भर पडली किंवा घट झाली ते मोजायचं. माझ्या मते आज हाताशी असलेलं हेच सर्वांत प्रामाणिक माप. पण तेही भिंत, रिसीव्हर आणि कोच यांचं काम क्वार्टरबॅकच्याच खात्यावर टाकतं. कोणाचा वाटा किती, ही गाठ अजून पूर्ण सुटलेली नाही.

## तो नसताना संघाचं काय झालं?

ही गाठ सोडवायला चाहत्यांनी एक हुशार वाट शोधली आहे. २००७ मध्ये पेट्रियट्स नियमित हंगामात १६-०, म्हणजे १६ विजय, शून्य पराभव. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला आणि राखीव मॅट कॅसलने संघाला ११ विजय, ५ पराभव असं नेलं. तिकडे इंडियानापोलिस कोल्ट्स २०१० मध्ये मॅनिंगसह १०-६ होते. २०११ मध्ये मानेच्या दुखण्यामुळे तो पूर्ण हंगाम बाहेर बसला आणि संघ २-१४ वर कोसळला. मॅनिंगचे चाहते हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि हात झटकून उठतात.

त्यावर ब्रेडीवाल्यांचं उत्तर २०२० मध्ये आलं. ४२ वर्षांचा ब्रेडी पेट्रियट्स सोडून टॅम्पा बेला गेला. तो संघ आधीच्या वर्षी ७-९ होता, त्याच्यासह ११-५ झाला आणि सुपर बोल जिंकला. न्यू इंग्लंड १२-४ वरून ७-९ वर घसरलं, आणि कोच मात्र तेच, बिल बेलिचिक.

दोन्ही पुरावे वजनदार आहेत आणि दोन्हीत भेसळ आहे. कोल्ट्सकडे मॅनिंगच्या जागी खेळायला धड कोणी नव्हतंच. पेट्रियट्सच्या आठ खेळाडूंनी कोविडमुळे २०२० चा हंगाम न खेळण्याचा पर्याय घेतला होता, आणि टॅम्पाची बचावफळी चांगली होती. जिने माहोम्सला नऊ गुणांवर रोखलं ती हीच. मुख्य माणूस हरवल्यावर किती विजय कमी झाले, यात त्या माणसाइतकाच बदली खेळाडूचाही दर्जा मोजला जातो.

## "आमच्या वेळी असं नव्हतं"

१९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने १८३ धावा केल्या आणि कप जिंकला. आज एकदिवसीय सामन्यात १८३ केल्या तर लोक दुसरा डाव बघायलाही थांबणार नाहीत. म्हणून १९८३ चे फलंदाज कच्चे होते असं आपण म्हणत नाही. खेळपट्ट्या, नियम, बॅटी, सगळंच वेगळं होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये अगदी हेच झालंय.

१९७८ मध्ये नियम बदलला: पाच यार्डांपलीकडे पळणाऱ्या रिसीव्हरला बचाव करणाऱ्याने धक्के द्यायचे नाहीत. क्वार्टरबॅकपुढच्या भिंतीलाही हात मोकळे वापरू दिले. २००४ पासून धक्क्यांच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पुढे क्वार्टरबॅकच्या गुडघ्याखाली आणि डोक्यावर मारण्यावर बंधनं वाढत गेली. पास टाकणं दर दशकात सोपं होत गेलं.

परिणाम बघा. मरिनोने १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड केले. पाच हजारांचा टप्पा दुसऱ्या माणसाने, ड्रू ब्रीझने, गाठायला २००८ उजाडलं. आणि २०११ च्या एकाच हंगामात तिघांनी तो पार केला. त्याच्याही आधीचा जो नेमथ तर कारकिर्दीत १७३ टचडाउन आणि २२० इंटरसेप्शन करून सन्मानाने हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, बसला आहे. पासर रेटिंग आलं तेव्हा सरासरी ६६.७ धरली होती. आता लीगची सरासरी नव्वदच्या आसपास असते. आजचा साधारण क्वार्टरबॅक कागदावर त्या काळातल्या महान खेळाडूला मागे टाकतो. तेव्हा खेळाडूला त्याच्याच हंगामातल्या बाकीच्यांशी ताडून बघायचं. मरिनोच्या १९८४ ला माझ्या यादीत फार वरची जागा आहे ती यामुळे, अंगठी असो वा नसो.

## आणि संघांची थोरवी?

इथे मामला आणखी चिघळतो. १९७२ चे मायामी डॉल्फिन्स १७-०. पूर्ण हंगाम आणि सुपर बोल एकही सामना न हरता जिंकणारा एकमेव संघ. विरोधक म्हणतात, वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी बहुतांश दुबळे होते. गंमत म्हणजे त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्याच सामन्यात जायबंदी झाला आणि नियमित हंगामातले उरलेले सामने ३८ वर्षांच्या अर्ल मोरॉलने काढले. क्वार्टरबॅकशिवाय महान संघ नसतो म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते ठरवावं.

२००७ चे पेट्रियट्स १८-० होते आणि मग अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून १७-१४ हरले. तोवर कोणत्याही संघाने हंगामात इतके गुण केले नव्हते. मी त्यांना त्या डॉल्फिन्सच्या वर ठेवतो, आणि हे ऐकून मायामीकर चिडतील. माझं कारण साधं आहे: अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीत एका सामन्यात निकाल लागतो. बास्केटबॉलच्या लीगमध्ये सातपैकी चार जिंकावे लागतात, तिथे चांगल्या संघाला एक वाईट रात्र परवडते. इथे नाही.

एक अडचण १९९४ ची. त्या वर्षी लीगने प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा घातली, ३ कोटी ४६ लाख डॉलर. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख होती. मर्यादा येण्याआधी सॅन फ्रान्सिस्कोला मोंटाना आणि त्याच्यामागे राखीव म्हणून स्टीव्ह यंग, पुढे दोघंही हॉल ऑफ फेममध्ये गेलेले, असे एकत्र सांभाळता आले. आता एकाला भरपूर दिलं की दुसरीकडे कापावं लागतं. मॅनिंगला ४३-८ ने झोपवणाऱ्या सिअॅटलचा रसेल विल्सन नवखा होता आणि वर्षाला दहा लाख डॉलरच्याही आत खेळत होता. वाचलेले पैसे बचावफळीवर लागले. वर सर्वांत वाईट संघाला नव्या खेळाडूंची निवड सर्वांत आधी करता येते. सगळी व्यवस्थाच कोणी फार काळ वर राहू नये यासाठी आहे. त्यात पेट्रियट्सनी २००१ ते २०१८ या हंगामांत सहा अंगठ्या जिंकल्या, ही गोष्ट मला सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या कोणत्याही सत्तेपेक्षा अवघड वाटते.

## सध्याचं भांडण: ईलाय मॅनिंग

वर ज्याने अजिंक्य पेट्रियट्सना हरवलं तो जायंट्सचा क्वार्टरबॅक म्हणजे पेटनचा धाकटा भाऊ ईलाय. २०१२ मध्ये त्याने ब्रेडीला पुन्हा सुपर बोलमध्ये हरवलं. दोन अंगठ्या, दोन्ही वेळा सामनावीर. आणि नियमित हंगामातली त्याची पूर्ण कारकीर्द? ११७ विजय, ११७ पराभव. २०२५ मध्ये पहिल्याच संधीला हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं नाही, आणि न्यू जर्सीत त्यावरून अजून तोंडं आंबट आहेत.

फेब्रुवारी २००८ च्या त्या अंतिम सामन्यातला जायंट्सचा शेवटचा हल्ला पुन्हा पाहा. आधी ईलायचा एक पास पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या हातांना लागून निसटला. तो पकडला असता तर पेट्रियट्स १९-० झाले असते आणि ईलायला एकच अंगठी उरली असती. पुढच्याच चालीत दोघा-तिघांच्या तावडीतून सुटून त्याने चेंडू लांब भिरकावला आणि डेव्हिड टायरीने तो एका हाताने हेल्मेटवर दाबून धरला. पहिल्यात नशीब होतं, दुसऱ्यात हिंमत आणि नशीब दोन्ही. त्याच सामन्यात जायंट्सच्या बचावफळीने ब्रेडीला पाच वेळा सॅक केलं, हे या वादात क्वचितच कोणी काढतं.

माझं मत विचाराल तर ईलाय चांगला खेळाडू होता, दोन हिवाळे विलक्षण खेळला, आणि माझ्या मतपत्रिकेवर त्याचं नाव नसतं. दक्षिण जर्सीतल्या भाच्याला हे पटेल. उत्तरेकडच्याला अजिबात नाही, आणि त्याच्याकडे दोन अंगठ्यांचा पुरावा आहेच.